वन्सं, उसवायचं कुणी?

वन्सं, माणसानं जाताना निदान खोचलेली सुई तरी काढून ठेवावी.

तुमचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि म्हटलं दांडीवरचं अंथरूण-पांघरूण उन्हाला टाकू. तुमचं ते गोधड्यांचं बोचकं खाली ओढलं, ओसरीत आणलं, दमून त्याच्यावरच टेकले आणि अशी काही किंचाळले की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. तुमचे दादा धावत आले. त्यांना वाटलं, इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी हिंडणाऱ्या बायकोला आता कुठं रडू फुटलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रड, रड. मोकळी हो."

मी म्हटलं, "रडायचं मागनं बगू. आदी ही सुई काडा."

गंजून तपकिरी झालेली ती सुई, तिच्यात ओवलेला तांबडा दोरा. चार वर्षांपूर्वी भांडून उठताना तुम्ही ती जिथं खोचली होती, तिथंच. म्हणजे भांडणात शेवटचा वार करायचा तो तुम्ही केलाच, तोही मेल्यानंतर आणि तोही पाठीमागून. जिवंतपणी तुम्ही निदान समोर उभ्या राहून बोलायचात.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. बोलते. तुम्ही फार चांगल्या होतात. झालं. आता मला माझं बोलू द्या.

मंदाला कडेवर घेऊन तुम्ही कायमच्या माहेरी परत आलात, तेव्हा मला या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंनी तुमच्या पांढऱ्या कपाळाकडं पाहून पदर डोळ्यांना लावला, आणि मी चुलीशी बसून विचार केला, की आता ही बिचारी नणंद दुःखात असणार, हिला जपलं पाहिजे. तेवढ्यात बिचारी नणंद माझ्यामागं येऊन उभी राहिली, तव्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "वयनी, भाकर हाय का भिंगरी?" माझ्याहून दोन वर्षांनी लहान! पण तुम्ही नणंद, म्हणून जन्मभर मी तुम्हाला अहो-जाहो केलं, आणि तुम्ही मला वयनी-वयनी करत माझ्या प्रत्येक कामात नाक घातलंत. घरात इतकी माणसं होती, गावात इतक्या बायका होत्या, पण भांडायला तुम्हाला मीच लागायचे. मलाही दुसऱ्या कुणाशी भांडून चव यायची नाही, ते जाऊ द्या.

तेराव्याला बायका जमल्या होत्या. सगळ्या तोंडं लांब करून बसलेल्या. मला ते सोसेना. मी उठले, पदर दातांत धरला, एक हात कमरेवर ठेवला आणि तुम्ही बाजारात वांगी निवडायचात ते करून दाखवलं. एक वांगं उचलायचं, कानाशी न्यायचं, "ह्यात कीड बोलतीया" म्हणून परत टाकायचं. माळीणबाईचा चेहराही केला. आधी कुणी हसेना. मग मंदाच हसली. पोटुशी बाई, पोट धरून हसली, आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. मग सगळ्याच. शेजारच्या म्हातारीनं मला फैलावर घेतलं, "आगं, तेराव्याला तमाशा मांडतीस व्हय?" मी म्हटलं, "आत्या, जिच्यासाठी मांडलाय तिला आवडला आसता." आवडला असता ना? नसता. तुम्ही म्हणाला असतात, "वांगं डाव्या हातात धरतात." माझ्या कुठल्या नकलेत तुम्ही खोट काढली नाहीत?

तर त्या बोचक्याचं सांगत होते. त्यात चार गोधड्या निघाल्या. चारीच्या चारी अर्धवट! तुम्हाला सुरुवात करण्याचं व्यसन होतं. नवी चिंधी हातात आली की जुनं काम बाजूला. एकीला तीन बाजूंनी काठ, चौथी बाजू उघडी. दुसरीचे नुसते थर लावून चार टाके मारलेले. तिसरी दादांसाठी घेतली होतीत आणि माप घेतलं होतंत ते दादा बसलेले असताना. ती पांघरली की दादांचे गुडघ्याखालचे पाय थंडीत. मी ती पूर्ण केली, खाली तुमच्या जुन्या लुगड्याची हातभर पट्टी जोडली. आता दादा रोज ती पांघरतात आणि सकाळी उठून, "काय ऊब हाय अनूच्या हाताला" म्हणतात. अनूच्या हाताला! सुया टोचून टोचून माझ्या बोटांची चाळण झाली, आणि ऊब तुमच्या हाताला.

चार वर्षं मी सुई धरली नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे. का धरली नव्हती, हेही माहीत आहे. दादांच्या सदऱ्याचं बटण तुटलं तरी मी म्हणायचे, "तुमच्या बहिणीकडं जा, तिला शिवण येतं. मला कुठं येतं!" आता बहीणच नाही म्हटल्यावर मुकाट्यानं सुई घेतली, तर डोळा दिसेना. सुईचा डोळाही दिसेना आणि माझाही चालेना. मंदा ओवून द्यायची आणि गालातल्या गालात हसायची. अगदी तुमच्यासारखी, डाव्या गालात.

आणि चौथी गोधडी. आता आपण त्या गोधडीकडं येऊ, वन्सं. पळू नका.

मंदाच्या लग्नात द्यायची म्हणून आपण ती काढली होती. खाली सासूबाईंचं हिरवं लुगडं, मध्ये दादांची धोतरं, वर तुमच्या-माझ्या चोळ्यांचे खण आणि मंदाच्या पहिल्या परकराचा तुकडा. कापड असं, की हात लावला तर बोलेल. सासूबाईंची रीत अशी, की गोधडी एकीनं धरायची. काठापासून धावदोरा घालत, आत आत फेऱ्या घेत मध्यावर यायचं. मध्यावर वीतभर जागा उघडी ठेवायची, तिच्यात घरच्या जोंधळ्याचे दाणे सोडायचे आणि मग तोंड शिवायचं. याला गोधडीचं पोट भरणं म्हणतात. गोधडी उपाशी ठेवली, तर तिच्याखाली झोपणारा उपाशी राहतो, असं सासूबाई सांगायच्या. मी सातवी पास, मी म्हणायचे की हे उंदरांना आवतण आहे. पण घालायचे. भरल्या घरात दोन दाण्यांवरून वाद कशाला?

एकीनं धरायची, ही रीत. पण त्या दिवशी दुसरीच्या हाताखाली बसायला दोघींपैकी एकही तयार नव्हती. मग तुम्ही त्या बाजूनं सुरुवात केलीत, मी या बाजूनं. ओसरीत गोधडी पसरलेली, दोन टोकांना दोघी, मधे वारं सुद्धा जाईना.

तुमचे टाके म्हणजे चालत्या बैलाची पावलं. एक इथं, दुसरं तिथं, तिसरं मनात आलं तर. माझे टाके म्हणजे मुंग्यांची रांग.

"वन्सं," मी म्हटलं, "येवड्या टाक्यातनं मांजर निगून जाईल."

"जाऊ द्या की. टाका मोकळा आसला की कापड शास घेतंय. गोदडी मऊ ऱ्हाती."

"कापड शास घेतंय! मग उद्या उटून बाजाराला बी जाईल."

"तुमची मातर न्हाई जायची वयनी. तुमची शिवून शिवून मढं झालीया. पांगरली तर दार अंगावर घेतल्यावानी वाटंल."

असं बोलत, हसत, एकमेकींच्या पुढं जायच्या नादात दोघींनी आपापल्या पुढचं ढिलं कापड मध्याकडं सारत नेलं. मी मध्यावर आधी पोहोचले, हे इथं नोंदवून ठेवते. तुमचं वीतभर राहिलं होतं. तेव्हा दोघींनी मान वर केली आणि पाहिलं, तर मधोमध हे एवढं वशिंड! काष्टीच्या बाजारात खिलारी खोंडाला असतं ना, तसं. हात मारला की या बाजूला जायचं, दाबलं की त्या बाजूला यायचं.

मग मी म्हटलं, "उसवा."

तुम्ही म्हटलंत, "मी? तुमी उसवा. तुमीच कापड रेटीत आलाव."

"माझा टाका घट्ट हाय, त्यो कापड रेटतच न्हाई. तुमच्या मोकळ्या टाक्यातनं वाहत आलंय सगळं."

"मोकळं हाय तर उसवाय सोपं. उसवा की तुमीच."

दादा मध्ये पडले. त्यांनी आयुष्यात कुठलंही भांडण जसं सोडवलं तसंच हेही सोडवलं. ते जाऊन त्या वशिंडावर बसले. म्हणाले, "माणूस झोपला की बसतंय हे आपोआप. बगा, बसलं." उठले आणि वशिंड परत वर आलं. तुम्ही हसलात. मी हसले नाही. खरं तर हसू येत होतं, पण तुम्ही आधी हसलात म्हणून मी दाबलं. मग तुमचाही चेहरा फिरला, तुम्ही सुई खोचलीत आणि उठलात. उसवायचं कुणी, एवढ्या एका प्रश्नावर गोधडी दांडीवर गेली. मंदाचं लग्न घोंगडीवर झालं. कर्जतच्या विहीणबाईंनी रुखवत बघताना विचारलं, "आन गोदडी?" आपण दोघी एकदमच म्हणालो, "व्हतीया." आपलं एकमत झालेलं तेवढंच.

मग दुष्काळ आला आणि गोधडीचा विषयच मिटला. जुनेर असेल तर गोधडी. सगळं जुनेर अंगावर होतं. दुष्काळी कामावर तुम्ही आणि मी शेजारी शेजारी बसून खडी फोडली. तिथंही तुम्ही मोठे धोंडे घेऊन दोन घावांत बाजूला टाकायचात, मी बारीक करत बसायचे. मुकादम माझ्या ढिगाकडं पाहून म्हणाला, "बाई, रस्ता करायचाय, रांगोळी न्हाई." त्यावर तुम्ही जे हसलात! हातोडा बाजूला ठेवून, कपाळाला हात लावून. ती खडी, ते ऊन, ओठ फाटलेले, आणि तुम्ही हसताय. रागानं माझ्या हातात बळ आलं. त्या दिवशी काम लवकर संपलं.

रेशनला तो बाहेरदेशचा तांबडा जोंधळा, मिलो, मिळायचा. त्याची भाकरी करायची म्हणजे चिखलाला आकार द्यायचा. मंदाला दिवस गेल्याचा सांगावा आला, त्याच संध्याकाळी मी सहज म्हटलं, "ती गोदडी काडू या का? उसवा तुमी, मिलोचे चार दाने टाकू आन पोट शिवून मोकळ्या हू."

तुम्ही असं पाहिलंत माझ्याकडं, जसं काही मी पोरीच्या तोंडात माती घालायला सांगितली. "त्या मिलोनं मानसाचं पोट भरंना, गोदडीचं काय भरतंय? घरचा जोंधळा आल्याबिगर हिचं त्वांड शिवनार न्हाई."

"आन उसवनार?"

"जोंधळा येऊ द्या. मग बगू."

पुढच्याच महिन्यात पाऊस पडला. जोंधळा असा उभा राहिला, की बांधावरून माणूस दिसेना. हुरड्याला आपण सगळे शेतात होतो. तुम्ही कणसं भाजत होतात, तोंड धुरानं काळं, आणि तळव्यावर चोळलेले दाणे मंदाला आधी, मग मला. मला! चुकून नव्हे, बघून दिलेत. मी म्हटलं, "वन्सं, आज काय इशेष?" तुम्ही म्हणालात, "तोंड बंद ऱ्हावं म्हनून." मग जरा वेळानं, कणसाकडं बघत म्हणालात, "सुगी हू द्या वयनी. उसवते मी."

हे तुम्ही म्हणालात. मी ऐकलंय. चार वर्षांनी एक माणूस हार मानतो आणि ती साजरी करायची संधी न देता तापानं निघून जातो! दाणे भरत आले होते, वन्सं. थोडीशी कळ काढली असती तर काय बिघडलं असतं? तुमचं हे सगळं असंच. सुरुवात करायची आणि शेवट दुसऱ्यावर टाकायचा.

जोंधळा घरात आला तेव्हा मंदा बाळंतिणीच्या खोलीत होती. मुलगी झाली. तुमचं नाक घेऊन आली आहे, ते पुढं तिचं तिला निस्तरू दे. सव्वा महिना होत आला, तसा कर्जतहून निरोप आला की विहीणबाई स्वतः न्यायला येणार. मंदा दांडीवरच्या त्या गोधडीकडं बघत बसायची. आईनं माझ्यासाठी काढली आणि पुरी केली नाही, हे घेऊन पोर सासरी गेली तर जन्मभर तेच घेऊन राहणार. मला ते कळत होतं. तुमच्यावर जो संताप आला, त्याला सीमा नाही.

मी गोधडी ओसरीत पसरली, कात्री घेतली आणि तुमच्या बाजूला बसले. आता मला अडवणारं कोण होतं? चार वर्षांचा निकाल माझ्या हातात होता. तुम्ही स्वतः कबूलही केलं होतंत. पहिल्या टाक्याखाली कात्रीचं टोक घातलं, तोच खोलीच्या दारातून आवाज आला.

"मामी, आईची बाजू उसवू नगा."

"तुजी आईच म्हनली हुती, उसवते म्हनून."

"ती म्हनली हुती. ती उसवनार हुती. तुमी न्हाई."

"बरं, मग माजी उसवू?"

"तुमची बी नगा."

"मग ह्या वशिंडाचं काय करू? बैलगाडी जुपू?"

पोर हसली आणि आत गेली. तुमचीच मुलगी. काम सांगायचं आणि कसं करायचं ते सांगायचं नाही.

मी त्या वशिंडाकडं पाहत बसले. आणि मग वाटलं, ज्याला पोट म्हणायचं ते तर हे समोर आहे. मी उठले, कणगीतला जोंधळा घेतला. चार दाणे नव्हेत, चांगली ओंजळभर. मिलोच्या वर्षाचंही देणं लागत होतं तिला. उघड्या फटीतून आत सोडला, हातानं सारखा केला. ढिलं कापड भरलं, ताणलं गेलं. वशिंड गेलं नाही, पण आता ते चूक दिसेना, जेवून पडलेल्या माणसाचं पोट दिसावं तसं दिसायला लागलं. विहीणबाईंनी विचारलं तर सांगेन, आमच्याकडं रीत आहे. चेहरा मला करता येतो.

राहिली वीतभर फट. ती तुमच्या बाजूची. तुमचं राहिलेलं काम. म्हटलं, हातासरशी शिवून टाकू. तांबडा दोरा घेतला, नवी सुई घेतली, मुंग्यांची रांग घातली आणि मान वर करून पाहिलं. वन्सं, ते इतकं परकं दिसत होतं! तुमच्या त्या बैलाच्या पावलांमध्ये माझी ती सरळ रेघ म्हणजे मयताला आलेला सरकारी माणूस. उसवली. मोठे टाके घातले. ते मोठे झाले, पण सरळच आले. परत उसवले. मुद्दाम वाकडे घातले, तर ते मुद्दाम वाकडे दिसायला लागले. नक्कल! मी, जिनं अख्ख्या गावाच्या नकला केल्या, तिला तुमचा एक टाका जमेना. दुपार गेली. मंदानं चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली. मी शिवत होते आणि उसवत होते. शेवटी कंटाळून, तुम्हाला शिव्या देत, दोऱ्याकडं न बघता कशीबशी फट बंद केली, दातानं दोरा तोडला, आणि पाहिलं. एक इथं, दुसरा तिथं, तिसरा मनात येईल तिकडं.

आणि तेव्हा ध्यानात आलं, की उसवायचं कुणी, या प्रश्नाचं उत्तर काय निघालं. दिवसभर मीच उसवत होते. तुम्ही एक टाका उसवला नाहीत.

ठीक आहे. तेवढंही तुम्हाला दिलं. निदान टाक्याचा वाद तरी माझ्याकडं राहील असं वाटलं होतं. माझी बाजू बघा, तुमची बघा, कुणालाही विचारा, असं मी म्हणणार होते. म्हणून आज सकाळी गोधडी पसरली, तुमच्या नातीला दुपट्यातून काढलं आणि माझ्या बाजूला ठेवलं. त्या मुंग्यांच्या रांगांवर. पोरीनं असं भोकाड पसरलं, की दादा गोठ्यातून धावत आले. उचलली, थोपटली, परत ठेवली. परत तेच. लालबुंद झाली. मग मंदानं तिला घेतलं आणि पोटापलीकडं, तुमच्या बाजूला ठेवलं.

गप्प. दोन्ही मुठी उघडल्या, डोळे मिटले.

मी हात फिरवून पाहिला. मऊ आहे, वन्सं. लई मऊ आहे.

उद्या कर्जतची मंडळी येतील. पोर अजून तिथंच झोपली आहे. मी अजून माझ्या बाजूला बसले आहे, आणि इथं दार अंगावर घेतल्यासारखं वाटतं आहे.